शीटांवरून चालत आलेली गौर

अन्नपूर्णा, इंदूर
गणपती बसल्याचा दुसरा दिवस

सौ. इंदुमतीबाईसाहेब, मुक्काम महू, यांस,

थोरली जाऊ आनंदीबाई हिचा आशीर्वाद पोचावा. आपण सुखरूप असाल, आपला चहा वेळेवर होत असेल, आणि आपलं नाक दोन वर्षांपूर्वी जिथवर वर गेलं होतं तिथेच अजून ठाम असेल, अशी आशा करते. (रुसलेल्या माणसाला अहोजाहो करावं, ही आपल्या सासूबाईंची शिकवण. ती पाळून झाली. आता पुढे मी तुला तूच म्हणणार. या वयात तोंडाला नवीन सवयी लागत नाहीत.)

भाऊजींचा गुडघा कसा आहे? त्यांना म्हणावं, जिना चढायचा नसेल तर गुडघा दुखतो म्हणा, जेवायला बसताना नका म्हणू, पकडले जाता. इकडे सगळं ठीक. यांची तब्येत उत्तम आहे, कान सोडले तर. कान गेल्यापासून माणूस फार समाधानी झालाय. मी बोलते, हे मान हलवतात आणि सेंव खातात. संताजी नोकरीला जातो, येतो, आईला काही सांगत नाही, म्हणजे लेक ठीकच आहे. सूनबाई शिखा महालक्ष्मीच्या तयारीत आहे आणि दिवसातून चार वेळा विचारते, मम्मीजी, काकीजी येणार का? मी म्हणते, तुझ्या काकीजी महूच्या छावणीतल्या आहेत, तिथे तोफा सुटल्याशिवाय कोणी जागचं हलत नाही.

पत्र कशाला, फोन का नाही, असं तुला वाटेल. फोन मी करते, तू नंबर बघून निशांतच्या हातात देतेस, आणि तो बिचारा म्हणतो, मोठी काकू, आई पूजेला बसलीये. एवढी पूजा तर देवळातला पुजारी पण करत नाही गं. म्हणून पत्र. तुझा निशांत रोज इंदूरला नोकरीला येतो, त्याच्या डब्याच्या पिशवीत घालून देते. डबा तू रोज घासायला काढतेस, तेव्हा पत्र सापडेलच. मला अक्षर येत नाही हे तुला ठाऊक आहे, तू सातवी पास, तू वाच. मी बोलतेय आणि माझी नात पूर्वा लिहून घेतेय. ती मध्ये मध्ये हसते, ते कागदावर दिसणार नाही, आपलं समजून घे.

आता मुद्द्याचं. परवा संध्याकाळी दिवेलागणीच्या आत गौर घरात यायची आहे आणि तिच्या डाव्या पावलाला माणूस नाही. (पूर्वा म्हणते, आजी, रीत सुरुवातीपासून सांग, मलाही लिहून राहील. तर तुला माहीत असलेलं तुलाच सांगते, ऐक.) आपल्या घरात गौरीची पावलं उंबऱ्यापासून तिच्या जागेपर्यंत उमटवतात. तांदळाच्या ओल्या पिठात मूठ बुडवायची, मुठीची कड जमिनीवर टेकवायची की पाऊल, आणि बोटाने वर पाच ठिपके की अंगठा-बोटं. हे सगळीकडेच करतात. पण आपल्याकडे उजवं पाऊल थोरल्या जावेच्या उजव्या मुठीचं, आणि डावं पाऊल धाकट्या जावेच्या डाव्या मुठीचं. दोघी शेजारी शेजारी वाकून पुढे सरकायचं, आणि मागून मुखवटे घेऊन घरची तिसरी बाई त्या पावलांवरून चालत यायची. आधी सासूबाई यायच्या, आता शिखा येते, म्हणून तिचे हात मोकळे नसतात. बाहेरची बाई चालत नाही. घरात आलेली नाहीतर घरात जन्मलेली हवी.

दोन वर्षांपूर्वी याच उंबऱ्यावर मी एवढंच म्हटलं होतं की इंदू, तुझं पाऊल बघ केवढं, गौर येतेय की पलटणीतला हवालदार? अख्खी बायकांची मंडळी हसली. तू हात धुतलेस आणि महूची बस धरलीस. आता तुझी मूठ मोठी आहे यात मी काय करू? मी केली का ती? गेल्या वर्षी पूर्वा ट्रेनिंगला बाहेरगावी होती, म्हणून दोन्ही पावलं मीच काढली. डाव्या हाताने मला लिंबू पिळता येत नाही. गौर अशी लंगडत आली की शेजारच्या लक्ष्मीबाई म्हणाल्या, बऱ्हाणपूरकडून पायी आल्या वाटतं. (ही लक्ष्मीबाई तुला आठवत असेल. पुरणात मीठ घालते आणि सल्ला देते.)

या वर्षी पूर्वाने शब्द दिला होता, आजी, डावं पाऊल माझं. पण तिचं ऑफिस आडवं आलं, आणि तिथून पुढे जे झालं ते ऐकून तू पूजेवरून उठशील.

पूर्वाचं काम तुला नीट सांगते, कारण मलाच ते आत्ता आत्ता कळलंय. ती घरांचे नकाशे काढते, घरीच बसून, कंप्यूटरवर. एकेका पानाला शीट म्हणतात. बायपासजवळ एका शेठजींची मोठी कॉलनी होणार आहे, त्या एका कामाच्या एवढ्या शीटा आहेत की दिवाळीचे अनरसे कमी पडतील. मी आपली भाजी निवडत तिच्या शेजारी बसते. इंदू, जन्मभर मला कागदाची भीती. कागद आला की कोणाला तरी हाक मारायची, बघ रे बाबा काय म्हणतो. पण हा पहिला कागद पाहिला जो मलाही वाचता आला! दोन रेघा म्हणजे भिंत. भिंतीत फट आणि तिला पंख्यासारखी कमान म्हणजे दार, कुठल्या बाजूला उघडतं ते पण दिसतं. ओटा कुठे, मोरी कुठे, पलंग कुठे, सगळं कळतं. मी पूर्वाला म्हटलं, या घरात सासू कुठे झोपणार? हॉलात टाकलीये ना तिला? ती म्हणाली, आजी, नकाशात सासू दाखवत नाहीत. मी म्हटलं, तरीच लोक फ्लॅट घेतात.

तर भानगड अशी. प्रत्येक स्वयंपाकघरात गॅस गळला तर ओरडणारा भोंगा बसवायचा नियम शेठजींनी स्वतःच मागून घेतला (जुन्या सोसायटीत कोणाच्या तरी घरी भडका उडाला होता म्हणे). त्याची खूण, एक गोल आणि आत आकडी, सगळ्या शीटांवर टाकायची होती. पूर्वाचे साहेब मनीषजी म्हणाले, ही खूण सगळीकडे पडेपर्यंत कोणालाही सुट्टी नाही, गौर असो की गणपती. आता ती खूण काही दर वेळी काढावी लागत नाही. एकदाच काढायची आणि तिला नाव द्यायचं. त्याला ब्लॉक म्हणतात. मग नावाने हाक मारली की तो हजर. पण येतो आणि उभा राहतो! शीट उघडा, हाक मारा, कुठे बसायचं ते बोट ठेवून दाखवा, तोंड वळवा, शीट बंद करा, पुढची उघडा. अगदी आपल्या घरच्या लग्नातले मानकरी. नुसतं आमंत्रण देऊन भागत नाही, प्रत्येकाला हात धरून पाटावर बसवावं लागतं. दोन दिवस पोरगी टिकटिक करत मानकरी बसवत होती. मान धरली, डोळे लाल, आणि शीटांचा ढीग आहे तिथेच. मी मनात म्हटलं, गेलं आपलं डावं पाऊल.

तिसऱ्या दिवशी तिने बसवणं बंद केलं आणि कंप्यूटरला एक चिठ्ठी लिहायला घेतली. हो, चिठ्ठी! त्याच्याच भाषेत. मी विचारलं, काय सांगतेस त्याला? म्हणाली, सांगतेय की एक शीट उघड, घराचं दार शोध, दारातून इतकं आत जा, मग इतकं उजवीकडे वळ, तिथे ब्लॉक ठेव, शीट बंद कर, पुढची घे. मी म्हटलं, बस, एवढंच? नव्या मोलकरणीला पण याहून जास्त सांगावं लागतं. ती म्हणाली, आजी, हा ऐकतो पण, आणि जेवढं सांगितलं तेवढंच करतो. (हा गुण मला साठ वर्षांच्या संसारात एकाही माणसात दिसला नाही. हे मान हलवतायत. यांना काही ऐकू आलेलं नाही.)

भोंगा टाकायच्या आधी तिला ताडून बघायचं होतं की चिठ्ठी बरोबर चालते का. म्हणाली, आजी, काहीतरी मोठी खूण हवी, लांबून दिसेल अशी. माझ्या तोंडून निघून गेलं, गौरीची पावलं टाक. कुठून बुद्धी झाली देव जाणे. तिने कागद आणला, मी उजवी मूठ पिठात बुडवून उमटवली, वर पाच ठिपके दिले. तिने मोबाईलने फोटो काढला आणि त्यावरून कंप्यूटरात रेघ फिरवली. मी म्हटलं, डावं? तर तिने माझ्याच पावलाला आरसा दाखवला. एक बटण, आणि डावं पाऊल तयार! पीठ नाही, मूठ नाही, महू नाही, रुसवा नाही. इंदू, मला त्याच क्षणी तुझी आठवण आली आणि वाटलं, सांगावं तुला, आता तुझ्यावाचून अडत नाही म्हणून. (हे लिही गं, गाळू नकोस. पूर्वा म्हणते, आजी, काकी-आजीला राग येईल. येऊ दे, रागाला पण तोंड उघडावं लागतं.)

मग तिने बटण दाबलं.

कसं सांगू? तू वीज पडताना पाहिलीस, मीही पाहिली. पण वीज एका जागी पडते. इथे शीट उघडली, पावलं उमटली, शीट मिटली, दुसरी उघडली, पावलं, तिसरी, पावलं. दारातून आत, दारातून आत, घरामागून घर. हातातली मेथी हातातच राहिली. आपल्या दोघींना एका घरात गौर आणायची तर कंबर मोडते, आणि इथे ती बाई अख्ख्या कॉलनीत चहा गार व्हायच्या आत फिरून आली! आणि कोणाच्या घरात, तर ज्या घरांची अजून वीट लागलेली नाही. तिथे राहणारे लोक आज कुठे असतील, कोणी महूला, कोणी गौतमपुऱ्याला, कोणाचं लग्नही झालं नसेल. त्यांना माहीतच नाही की त्यांच्या ओट्यापर्यंत लक्ष्मी आधीच जाऊन आली, आणि ती माझ्या मुठीच्या पावलांनी गेली, जिला सही करता येत नाही. मी हात जोडले. थट्टा नाही करत आहे. डोळे भरून आले ते कांद्याने नाही, मेथी होती.

पूर्वा म्हणाली, झकास, चिठ्ठी चालते, आता पुसते आणि भोंगे टाकते.

मी म्हटलं, काय पुसतेस?

इंदू, तूच सांग. गौर घरात आली की तिसऱ्या दिवसाशिवाय कोणी परत पाठवतं का? आवाहन झालं, जेवण नाही, निरोप नाही, दहीभात नाही, आणि म्हणे पुसते! मी सरळ सांगितलं, या बाईला पुसायचं नाही. आली आहे ती, थोडी लवकर आली, कंप्यूटरात आली, पण आली. आता घरची गौर ज्या दिवशी जाईल त्याच दिवशी हीही जाईल. पूर्वा म्हणाली, आजी, ते टेस्टिंग होतं. मी म्हटलं, देवाला टेस्टिंग करायला तू कोण? शिखाला बोलावलं, ती माझ्या बाजूने उभी राहिली. (पहिल्यांदाच. तारीख लक्षात ठेवा म्हटलं कोणीतरी.) मी कंप्यूटरच्या झाकणाला हळदकुंकू लावलं आणि पुढे वाटीत साखर ठेवली. दुसऱ्या दिवशी सकाळी कंप्यूटरमध्ये मुंग्या. पूर्वा ओरडली. मी म्हटलं, बघ, प्रसाद लागला.

शेवटी तिने तोड काढली. हे नकाशे म्हणे एकाच कागदावर नसतात, पारदर्शक पन्नीचे थर असतात एकावर एक. भिंतींचा थर वेगळा, नळांचा वेगळा. गौरीची पावलं तिने एका वेगळ्या थरावर ठेवली आणि तो थर मिटून टाकला. आहेत, पण दिसणार नाहीत. पडद्यात बसलेल्या राणीसारख्या. राजवाड्यात पण हीच रीत होती, त्यामुळे मला पटलं. मग त्याच चिठ्ठीने तिने भोंगे टाकले, दारातून इतकं आत, इतकं उजवीकडे, आणि सगळा गठ्ठा मनीषजींना पाठवून दिला. दुपारी आम्ही पोहे केले, वर दोन जिलब्या आणल्या. ती म्हणाली, आजी, सुट्टी पक्की, डावं पाऊल माझं. मी मूठ बघितली तिची. लहान आहे गं. पण मूठ आहे.

आता हे मनीषजी. माणूस सज्जन, पण कपाट दिसलं की सगळे कप्पे उघडून बघणारा. शेठजी समोर खुर्चीवर बसलेले, मनीषजींनी पडद्यावर शीट लावली आणि सवयीने सगळे थर उघडले. तिथून फोन आला. पूर्वाचे हात मोदकाच्या उकडीत होते म्हणून तिने फोन स्पीकरवर टाकला, त्यामुळे मलाही प्रसाद मिळाला. मनीषजी म्हणाले, पूर्वा, ये फुटप्रिंट किसके हैं? मी खूण केली, गप्प बस. तेवढ्यात मागून शेठजींचा आवाज. रागाचा नव्हता, भाविक होता, म्हणूनच जास्त घाबरायला झालं. म्हणाले, अरे भिया, ए वाले फ्लैट में तो लक्ष्मीजी रसोई में पधार रही हैं, बी वाले में बाथरूम में काहे जा रही हैं?

इंदू, माझ्या हातातली उकड खाली पडली. झालं होतं असं, की समोरासमोरची घरं एकमेकांच्या उलटी काढलेली असतात, आरशात बघितल्यासारखी. एकात दारातून उजवीकडे स्वयंपाकघर, तर समोरच्यात उजवीकडे न्हाणी. चिठ्ठीत तर सरळ सांगितलेलं, उजवीकडे वळ. तो बिचारा वळला. आणि माझी गौर अर्ध्या कॉलनीत कमोडपाशी जाऊन उभी! माझ्याच मुठीची पावलं! मी रामराम म्हणत गंगाजलाची लोटी आणायला गेले. परत येऊन बघते तर पूर्वा पांढरीफटक. तिला गौरीची काळजी नव्हती. जी चिठ्ठी पावलांची, तीच भोंग्यांची. म्हणजे अर्ध्या कॉलनीत गॅसचा भोंगा न्हाणीघरात बसला होता. स्वयंपाकघर पेटेल आणि भोंगा साबणाचा वास घेत बसेल.

आणि मग तिने जे केलं त्याने माझी मान वर झाली. ती गप्प बसू शकली असती. तिकडे सगळे पावलांवरच बोलत होते, भोंग्याची खूण एवढीशी, कोणी बघितली नव्हती. पण ती स्वतःच म्हणाली, सर, पावलं सोडा, भोंगे पण चुकलेत, माझीच चूक आहे, मला जेवणाच्या सुट्टीपर्यंत वेळ द्या. यांनी सुद्धा मान वर करून बघितलं. मी विचार केला, आता नोकरी गेली, चला, निदान डावं पाऊल तरी वाचलं. (आजी! अगं, विचार केला फक्त.)

तिने हात धुतले, चिठ्ठी परत उघडली आणि एक ओळ वाढवली. घर सुलटं असेल तर उजवीकडे, उलटं असेल तर डावीकडे. बस. बटण दाबलं, आणि माझ्या डोळ्यांदेखत गौर न्हाणीतून निघून ओट्याकडे गेली, सगळ्या घरांत एकदम, मागे भोंगे. मी हातात लोटी घेऊन उभीच. चूक करायला त्याला जेवढा वेळ लागला तेवढाच निस्तरायला! माणसाचं असं नसतं गं. आपण चूक करतो पोहे शिजायच्या आत आणि निस्तरायला दोन वर्षं लागतात. गंगाजल मी तरीही शिंपडणारच होते, पण पूर्वाने कंप्यूटर उचलून डोक्यावर धरला, म्हणून तिच्याच डोक्यावर शिंपडलं.

नोकरी गेली नाही. उलट झालं, आणि तेच वाईट झालं. शेठजी खूश, की लक्ष्मीजींनी स्वतः चालून दाखवलं म्हणून गफलत कळली. महापालिकेच्या प्रतीत पावलं दिसणार नाहीत, पण शेठजींना स्वतःसाठी पावलांसकट एक गठ्ठा हवाय, गल्ल्यावर ठेवायला. मनीषजींनी बघितलं की ही पोरगी तीन माणसांचं काम चहाच्या वेळात करते. मग काय? आपल्या घरात भराभर पोळ्या लाटणाऱ्या सुनेचं काय झालं होतं, आठवतं ना? तुझंच झालं होतं. जी भराभर लाटते तिला पंगत वाढते. मनीषजींनी तिला दुसऱ्या शेठजींच्या शीटा दिल्या, त्या जुन्या, कोणीतरी कशाही काढलेल्या, कुठे दाराला दाराचं नाव नाही, कुठे भिंत दोनदा. तिथे चिठ्ठी चालत नाही, आधी हाताने साफ करावं लागतं. परवा संध्याकाळपर्यंत पाहिजेत. सुट्टी रद्द. पोरगी लिहिता लिहिता नाक ओढतेय. (सर्दी आहे म्हणते. आहे, आहे.)

तर असं आहे. कंप्यूटरात गौर दोन्ही पायांवर ठणठणीत चालतेय, न बांधलेल्या घरांत, अनोळखी लोकांच्या ओट्याशी. आणि जिथे ती दर वर्षी येते त्या उंबऱ्यावर परवा ती एका पायावर उभी राहणार. मी तुला काही म्हणत नाही. तुझी पूजा चालू असेल. बातमी म्हणून कळवलं.

भाऊजींना नमस्कार. निशांत वाळलाय, त्याला डब्यात तूप घाल. यांनी आशीर्वाद सांगितलाय (मान हलवली).

तुझी थोरली जाऊ,
आनंदीबाई
(सहीच्या जागी अंगठा. शाई नव्हती, कुंकू लावलंय.)

ता. क. सहज सांगते, महूची बस दुपारी पण असते. संताजी गंगवालच्या बसस्टँडवर घ्यायला येईल, तो त्या बाजूला जाणारच आहे, त्याला काहीतरी काम आहे. काय काम ते मी अजून ठरवलेलं नाही.

ता. क. आणखी. हवालदार म्हटलं ते मी परत घेणार नाही. मूठ मोठी आहे ती आहे. या पत्रात कुठे माफी दिसली तर ती पूर्वाने घातली असं समज. (मी नाही घातली, काकी-आजी. पूर्वा.)

ता. क. शेवटचं. कंप्यूटरातली ती पावलं मी काल पुन्हा उघडून घेतली, दर्शन म्हणून. बराच वेळ बघत बसले. काय खटकतंय कळेना. मग लक्षात आलं, दोन्ही पावलं सारखी आहेत. डावं म्हणजे माझंच उजवं, उलटं केलेलं. आपली गौर इतक्या वर्षांत अशी कधी चाललीच नाही. तिचं डावं पाऊल नेहमी बोटभर मोठं, जरा बाहेर वळलेलं, आणि करंगळीचा ठिपका राहिलेला, कारण तू दर वर्षी तो विसरतेस आणि दर वर्षी मी मागून येऊन देते. दोन्ही पाय माझे बघून तिला वाटेल, घर चुकलं. मी पूर्वाला म्हटलं, माझं डावं काढून टाक आणि तिथे दुसरा ब्लॉक कर, नाव ठेव इंदू. तिने नाव लिहिलं. मग म्हणाली, आजी, आत काही काढल्याशिवाय रिकामा ब्लॉक करता येत नाही. कंप्यूटर ऐकत नाही.

मी पण ऐकत नाही. पीठ भिजवायला घातलंय, मूठ घेऊन ये. करंगळीचं मी बघते.